पलंगाची पलीकडची बाजू

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू फुगून बसली असशील, आणि ते फुगलेले गाल मला इथूनही दिसतायत. तू दोन सरळ प्रश्न विचारलेस. सहायक नर्सने पगाराची किती अपेक्षा ठेवावी, आणि अजून दोन वर्षं घालून पूर्ण नर्स होण्यात काही राम आहे का. मग शेवटी, आठवलं म्हणून लिहिल्यासारखी, आमच्या हॉस्पिटलातून आलेल्या पत्राची बातमी. दीर्घकाळ पडून असलेल्या पेशंटांच्या विभागात एक जागा रिकामी होतेय, लगेच रुजू व्हा. तुझ्या आईचा विभाग, तिने सांभाळलेले पलंग, आणि सोबतीला मावशी. मावशी आनंदाने उडीच मारेल असं तुला वाटलं असणार. मी तुझं पत्र घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर त्याला हात लावला नाही.

आधी पगाराचं बोलू. त्यात लाजण्यासारखं काही नसतं, आणि जी बाई पगार विचारायला लाजते तिला सगळे कमीच देतात. मला इथे बावीस वर्षं झाली. आज माझ्या हातात जे पडतं, ते नवी कोरी पूर्ण नर्स पहिल्याच महिन्यात घेते, आणि तिला अजून बीपीचा पट्टा धड बांधता येत नसतो. आमचा पगार आठ-नऊ वर्षं चढतो आणि मग छताला टेकून बसतो. वृद्धाश्रमात थोडा बरा मिळतो, पण रजा मागितली की तोंडं वाकडी होतात. घरी जाऊन पेशंट सांभाळलास तर रोजचा आकडा ऐकायला छान वाटतो. त्यातला तिसरा हिस्सा एजन्सी खाते, आणि पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी कामही गेलं. तुझ्या आईने शेवटची वर्षं तेच केलं, हे मी तुला काय सांगायचं. पुढचं शिकलीस तर दोन वर्षं कमाई शून्य आणि वर फी. नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला ते सगळं भरून निघतं, आणि त्यापुढची तीस वर्षं तुझी. शिवाय एक गोष्ट पगाराच्या कागदावर दिसत नाही. आम्ही उचलतो, पुसतो, भरवतो, बघतो, आणि काही बिघडलंसं वाटलं की इन्चार्ज सिस्टरना सांगतो. त्या लिहितात. पुढे चौकशी झाली की जे लिहिलं असेल तेवढंच घडलेलं असतं.

तू मला नेहमी विचारायचीस की मावशी, तू का नाही गं पुढे शिकलीस, आणि मी म्हणायचे की माझं डोकं पुस्तकात चालत नाही. ते उत्तर खोटं होतं. खरं काय ते लिहितेच, पण त्याआधी विभागात गेले चार महिने काय चाललंय ते तुला कळलं पाहिजे. वाचून मावशीला वेड लागलंय असं वाटलं तर वाटू दे.

पेशंटला कूस द्यायची आमची पद्धत तुला आईने उशीवर शिकवली होती. दोघी लागतात, पलंगाच्या दोन बाजूंना. पेशंट जिच्याकडे वळणार तिने त्याचा खांदा आणि कंबर धरायची. पलीकडची विचारते, “धरलंय?” इकडून “धरलंय” असा आवाज आल्याशिवाय चादर ओढायची नाही, मग आग लागो. दहा वर्षं मी आणि तुझी आई अशा समोरासमोर उभ्या राहिलो. तिच्या चेहऱ्याकडे मी जितका वेळ बघितलं असेल तितका वेळ नवऱ्याच्याही बघितलं नाही. आता माणसंच कमी केलीत. दुपारी जेवणं आटोपली की भेटीची वेळ सुरू होईपर्यंत चौदा पलंगांना मी एकटी. एकटीने कूस द्यायची नाही असा नियम भिंतीवर आहे, आणि दर दोन तासांनी कूस दिल्याचा तक्ता भरलेला हवा असाही नियम त्याच भिंतीवर आहे. मग देते मी एकटीच. सवयीने रिकाम्या बाजूला बघून विचारते, “धरलंय?” आणि स्वतःच्या मूर्खपणाला हसून जोर लावते.

आमच्याकडे एक ड्रायव्हर आजोबा आहेत. आयुष्यभर ट्रक चालवला, आता कमरेखालचं काही हलत नाही, तोंड मात्र भरधाव. वजन म्हणशील तर भरलेलं कपाट. एका दुपारी मी नेहमीसारखं विचारलं, चादर ओढली, आणि आजोबा एखादं पान उलटावं तसे कुशीवर वळले. मी तोल जाऊन मागच्या स्टुलावर आपटले. आपलीच ताकद वाढली म्हणावं तर दुसऱ्या पलंगावरची काडीसारखी म्हातारी मला उचलता उचलेना. पुढच्या दुपारी आजोबा पुन्हा हलके. मग हळूहळू सगळेच.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, झटक्यानंतर बोलणं गेलेलं, फक्त डोळे फिरतात. मी त्यांचं करत असते तेव्हा त्या माझ्याकडे बघत नाहीत. पलीकडे, उभ्या माणसाचा चेहरा जिथे येईल तिथे बघतात, आणि डोळ्यांनी हसतात. भर दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं असतं, नळाखाली भांडी धुतल्याचा आवाज येत असतो, आणि माझ्या मानेवर काटा येतो. चादरीचं टोक मी एकदाच खोचते, मला आळस. तुझी आई दोनदा दुमडून अंगठ्याने दाबायची. मी पलीकडच्या बाजूला गेले की टोकं दोनदा दुमडलेली सापडतात. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा दिसलं तेव्हा भीतीच्या आधी मला बरं वाटलं. आली बाई एकदाची, असं वाटलं. मी तिच्याशी बोलायलाही लागले होते, तुझे मार्क, तुझे केस कापल्याचं, सगळं. आजोबा पाच महिन्यांपूर्वी दाखल झालेत आणि तुझी आई जाऊन तीन वर्षं झाली. पण ते मला विचारायचे, “तुमच्या जोडीदारीणबाई बोलत का नाहीत हो? तुमचंच तोंड चालू असतं.”

तुझं पत्र आलं त्याच दुपारी उलटं घडलं. आजोबांना माझ्याकडे वळवायचं होतं. मी बाजूला उभी राहिले, हात अजून कठड्यावरच होते, आणि तोंड उघडायच्या आधी पलीकडची चादर आपोआप ताठ झाली. दोन मुठी आवळल्यावर पडतात तशा सुरकुत्या दोन जागी पडल्या. चादर ओढली गेली नाही. ताठ होऊन थांबून राहिली. आज ती मला विचारत होती. मला फक्त “धरलंय” म्हणायचं होतं, आणि मी नुसता कठडा घट्ट धरून ठेवला. शेवटी आजोबाच करवादले, “अहो, सांगा ना त्यांना धरलंय म्हणून. ताटकळल्यात बिचाऱ्या.” मी विभागातून पळाले, भिंगरी. बावीस वर्षांत पहिल्यांदा पेशंट सोडून पळाले.

आता ऐक. पेशंट उचलताना लचक भरली आणि तेव्हापासून पाठ गेली, असं आईने तुला सांगितलं होतं. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. त्या वर्षी हॉस्पिटल आपल्या खर्चाने एका सहायक नर्सला पुढच्या शिक्षणाला पाठवणार होतं, शिकत असताना पूर्ण पगार. फलकावर तुझ्या आईचं नाव लागलं. खाली दुसऱ्या नंबरला माझं. मी तिला पेढ्यासारखं गोड हसून दाखवलं आणि आतून जळत होते. मला तिचा हेवा वाटत होता, इतका की तिचा आवाज ऐकला तरी दात आवळले जायचे. चौथ्या दिवशी एका बाईंना कूस देताना तिने विचारलं, “धरलंय?” माझे हात जागेवर नव्हते, मन तर नव्हतंच. मी म्हटलं, “धरलंय.” तिने चादर ओढली. त्या बाई माझ्या बाजूने घसरल्या, तुझ्या आईने पलंगावरून झेप घेऊन त्यांना पकडायचा प्रयत्न केला, आणि दोघी खाली आल्या. त्यांचं मनगट मोडलं. तिची पाठ. चौकशीत मेट्रननी मला विचारलं, तू उत्तर दिलं होतंस का? मी म्हटलं, नाही, हिने न विचारताच ओढली. तुझी आई समोर खुर्चीत वाकडी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती का बोलली नाही हे मी तिला शेवटपर्यंत विचारू शकले नाही. तिची नोकरी गेली, शिक्षणाची जागा मला मिळाली. तिसऱ्या आठवड्यात रबराच्या पुतळ्याला कूस द्यायचा सराव होता. समोरच्या मुलीने विचारलं, “धरलंय?” आणि मी तिथेच ओकले. दुसऱ्या दिवशी शिक्षण सोडून विभागात परत आले. तेव्हापासून माझं डोकं पुस्तकात चालत नाही.

गेल्या सोमवारी मी हे सगळं लिहून मेट्रनकडे दिलं, आणि राजीनामाही. तुला ज्या जागेचं पत्र आलं ती माझी जागा आहे. राजीनाम्याचं मी महिन्याभरापूर्वीच बोलले होते, गुडघ्यांचं निमित्त सांगून. तेव्हा तुझं नाव मीच सुचवलं होतं, कारण तू रोज तिथे असलीस तर तिला बरं वाटेल असं मला वाटलं. किती मूर्ख असावं माणसाने. काल शेवटची दुपार. आजोबांना पाणी पाजत होते तर म्हणाले, “त्या बाई बोलल्या हो आज. विचारत होत्या, मुलगी कधी येणार.” भिंगरी, तू इथे आलीस तर ती रोज दुपारी तुझ्या समोर उभी राहील. सगळे पेशंट तुला हलके लागतील. तुझा पगार छताला टेकेल, तुझी पाठ जाईल, तुला कुणी कितीही चांगली नोकरी देऊ केली तरी तू तो विभाग सोडणार नाहीस. आईला सोडून कोण जातं? ती तुला बोलावतेय की तू येऊ नयेस म्हणून घाबरून विचारतेय, हे मला कळत नाही, आणि कळायची वाट बघायला मी तयार नाही. दोन वर्षं माझ्याकडे राहा, खोली आणि जेवण माझं. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर तेही मी समजू शकते, मग दुसरीकडे राहा, पण शिक. काल निघताना मी त्या रिकाम्या बाजूकडे तोंड करून तिला सांगितलं की तू येणार नाहीस, तू कॉलेजात जाणार आहेस. चादर बराच वेळ ताठ होती, मग सैल पडली. तिला दिलेला एक शब्द मी खोटा केला. हा दुसरा खरा करणं माझ्या हातात नाही. फॉर्म शुक्रवारी पाचपर्यंत घेतात.

तू म्हणशील तरच तुझीच,
मावशी