हुरड्यानं काही केलं नव्हतं

माय,

परवा वर्गात आतड्याच्या पेशी शिकवता शिकवता मधेच थांबले. पोरींना वाटलं, मॅडमचं डोकं दुखायलंय. डोकं कुठलं दुखतंय! बाळ आठवलं होतं, माझा भाऊ, नाव ठेवायच्या आधीच गेलेला. पेडगावचं तुझं माहेर, तू बाजेवर, आणि लंगोट वाळत घालायचं काम माझ्याकडं. एक वाळत नाही तोवर दुसरं ओलं. तू हसतेस, "लय मुतायलंय लेकरू. दूध पुरायलंय त्याला." किती खुशीत असतेस गं तू! पाचवी झाली आणि मामानं शेतातून गरम हुरडा आणला. तुला राहवलं नाही, मूठभर खाल्लास. दोन दिवसांत बाळाची टाळू खोल गेली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. मामी दारातच म्हणाली, "ओल्या बाळंतिणीनं हुरडा खाल्ला, लेकराला भोवला." तू एक शब्द उलटून बोलली नाहीस. मला त्याचा अजून राग येतो, तिचाही आणि तुझाही. पुढं दर हिवाळ्यात आम्हाला हुरडा चोळून द्यायचीस आणि स्वतः दाणा तोंडात टाकायची नाहीस. "तुमी खा. मला नगं."

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी वाचलं मी. आतड्याच्या पेशींच्या टोकाला बारीक लव असते, मूत्रपिंडातही तशीच. आतड्यातल्या लवेतूनच दूधपाणी अंगात मुरतं. ती उभी राहायला लागणारा माल पेशीच्या टोकाला वाहून नेणारं एक प्रथिन असतं, मायोसिन. मोंढ्यात धान्याची पोती वाहणारा हमालच समज. एखादं लेकरू या हमालातच खोट घेऊन जन्मतं. माल वाटेतच पडून राहतो, लव नीट उगवत नाही, आणि आईनं काहीही खावो, पाजलेलं सगळं पाणी होऊन निघून जातं. इतकं पाणी, की बघणाऱ्याला लघवीच वाटते. माय, ते मुतणं नव्हतं. ढाळ होते ते, पहिल्या दिवसापासूनचे. बाळाला नेमकं हेच झालं होतं का, ते आता कोण सांगणार? पण हुरडा तर नंतर आला. लंगोट मीच वाळत घालत होते, मला पक्कं ठाऊक आहे. हे तुला एकदा, फक्त एकदा सांगायला मिळायला हवं होतं. जन्मभर उगाच जळत राहिलीस गं.

हे कुठं पाठवू? आणि खरं सांगू, पाठवायला तोंडही नाही. माझी लेक बाळंतपणाला आलीय, ओली बाळंतीण आहे. काल शेजारणीनं हुरडा दिला. लेकीनं घास उचलला आणि मी तिच्या हातातली ताटली काढून घेतली. ती म्हणाली, "मम्मी, आईच्या खाण्यानं लेकराला असं काही होत नाही, हे तूच शिकवतेस ना?" शिकवते, म्हटलं. ताटली काही परत दिली नाही.