कोण हललं

२८ एप्रिल

चि. बारक्या यास अनेक आशीर्वाद.

सत्तरीच्या माणसाला बारक्या म्हणू नये, असं तुझी सून मागे मला म्हणाली होती. पण मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि मोठीच राहणार, तेव्हा तू बारक्याच.

दवाखान्यातून घरी आले. मांडीच्या हाडात सळई बसवली आहे. पडले कशी, याची एक बरी गोष्ट मी शेजारपाजारी सांगितली आहे, तुला खरं सांगते. तू काढलेला आपल्या सगळ्यांचा फोटो हॉलमध्ये गेली अकरा वर्षं डावीकडे कललेला होता. तो सरळ करायला स्टुलावर चढले. खिळा तू ठोकला होतास, म्हणजे चूक तुझी.

या सुट्टीत तुमच्याकडे येणं होणार नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. हे लिहिताना मला रडू आलं, ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आता तुझं काम ऐक. फोटो काढ आणि पाठव. वाढदिवस, सहल हे तर काढशीलच, पण मला रोजचं घर हवं आहे. सकाळी बाथरूमपुढची रांग, गच्चीवर पसरलेल्या गाद्या, कलिंगड कोण कापतं आणि मधला तुकडा कोण पळवतं. जन्मभर स्टुडिओत लोकांचे दोन्ही कान दिसतील असे फोटो काढलेस, आता जरा घरच्यांचे काढ.

माझी काळजी करू नकोस. वॉकर आणला आहे, मी त्याला घोडा म्हणते. सकाळ-संध्याकाळ फाटकापर्यंत जाऊन येते. तीस वर्षं वॉर्डात नर्स होते, भल्याभल्यांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं आहे. मला कोण शिकवणार?

पोरांना पापा. पत्र लांबलं तरी चालेल, फोटो लांबवू नकोस.

तुझी ताई

---

६ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

खिळा मी ठोकला हे कबूल, पण भिंत तुझी होती. साखरेची बरणी फुटली तेव्हाही हेच झालं होतं. तू माझ्याकडे बोट दाखवलंस, मी तुझ्याकडे, आणि मार दोघांनी खाल्ला. तेव्हापासून आपल्या घरात चूक नेहमी दुसऱ्याची असते.

सोबत बारा फोटो आहेत. चार तळ्याकाठच्या सहलीचे. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, सूर्य पाठीशी येईपर्यंत थांबलो आणि मग काढले. तुझा लाडका भोंगा, ज्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, पूर्ण वेळ विचारत होता की पाण्यात कधी जायचं. त्याच्या बहिणीला तू वकीलबाई म्हणतेस ते अगदी योग्य आहे. सहल माणसांची आहे की ट्रायपॉडची, असं तिने मला सर्वांदेखत विचारलं.

वकीलबाईंच्या वाढदिवसाचे तीन आहेत, बाकी तू म्हणालीस तसे रोजचे. सगळे ट्रायपॉडवर काढले आहेत. हल्ली मला तसंच आवडतं. फोटो कसा, शास्त्रशुद्ध येतो.

तू फाटकापर्यंत जातेस हे वाचून बरं वाटलं. त्या घोडदौडीचा एक फोटो मलाही पाठव. मुलगा आणि सूनबाई नमस्कार सांगतात.

आशीर्वाद असू दे, टोमणे कमी असू दे.

तुझा बारक्या

---

११ मे

चि. बारक्या यास आशीर्वाद.

फोटो पोचले. बारा फोटोंत एकही माणूस काहीही करत नाही.

तळ्याकाठी चौघंही कोरडी ठणठणीत उभी आहेत, जशी काही तळ्याचं उद्घाटन करायला आली आहेत. केकवरच्या मेणबत्त्या वितळून पार केकात बसल्या आहेत, म्हणजे पोरीला फुंकर मारायला तू किती ताटकळत ठेवलंस ते दिसतंच. आणि बाथरूमची रांग! केस विंचरलेले, हसरे चेहरे. अरे, बाथरूमच्या रांगेत कधी कोणी हसतं का? शेजारच्या शिंपीणबाईंनी सगळे फोटो पाहिले आणि हळूच विचारलं की तुमच्या भावाकडे सगळं ठीक आहे ना.

मलाही तेच विचारायचं आहे. धावत्या कुत्र्याचे चारही पाय हवेत असताना फोटो काढणारा तू. कॅमेरा हातात धरूनच काढला होतास तो. ट्रायपॉडला तू म्हाताऱ्याची काठी म्हणायचास, आणि आता आंघोळीच्या रांगेलाही तो लागतो? काय झालं आहे ते सांग.

माझा फोटो सोबत आहे. शिंपीणबाईंनी काढला. घोड्याला धरून कशी ऐटीत उभी आहे बघ.

खरं लिहिशील तर माया आहेच, खोटं लिहिशील तर कान अजून माझ्या हातात आहे.

ताई

---

१५ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा फोटो मिळाला. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिला, मग भिंगाखाली.

ताई, घोड्याच्या चारही पायांच्या रबरी टोप्यांवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच आहे. रोज दोनदा फाटकापर्यंत जाणारा घोडा दोन आठवडे मोजे घालून चालला म्हणायचा. शिवाय आडव्या दांडीवर कपड्यांचे तीन चिमटे आहेत आणि खाली फरशीवर पाण्याचं थारोळं आहे. म्हणजे त्या घोड्यावर तू बसत नाहीस, तुझे टॉवेल बसतात.

मी फार रागावलो आहे. सळईने हाड जुळतं, पण चालल्याशिवाय पाय चालत नाही, हे वाक्य कोणाचं? माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तूच कॉटशेजारी उभी राहून ते इतक्या मोठ्याने म्हणाली होतीस की बाजूच्या खोलीतला पेशंटसुद्धा उठून चालू लागला होता. आता तूच अंथरूण धरून बसलीस तर पुढच्या सुट्टीलाही यायची नाहीस, आणि मग कधीच नाही. हे मला झोंबतंय.

माझं म्हणशील तर काही झालेलं नाही. माणसाची आवड बदलते. फोटो काढायचाही आता कंटाळा येतो, सुट्टी संपली की कॅमेरा कपाटात ठेवून देणार आहे.

टॉवेलांना नमस्कार, तुला नाही.

बारक्या

---

१७ मे

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. बाबांना ठाऊक नाही आणि तुम्ही सांगू नका.

हिवाळ्यापासून बाबांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि ही नवी पद्धत आहे म्हणतात. सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही. डॉक्टरचं नाव काढलं तर काळोख्या खोलीत जाऊन फोटो धूत बसतात. आम्हाला वाटतं की कुठला मोठा आजार निघेल याचीच त्यांना धास्ती आहे.

तुमचं पत्र आल्यावर त्यांनी कॅमेरा हातात घेऊन फोटो काढून पाहिले. मग बराच वेळ खोलीतून बाहेर आले नाहीत. केर काढताना मला कचऱ्याच्या डब्यात हे तीन फोटो सापडले. तिन्ही हलले आहेत. मला टाकवले नाहीत, तुम्हाला पाठवते. कॅमेरा कपाटात गेला तर बाबाही त्याच्यामागोमाग कपाटात जाऊन बसतील, असं मला वाटतं. ते आमचं ऐकत नाहीत, जगात फक्त तुम्हाला घाबरतात.

तब्येत सांभाळा. आगाऊपणा झाला असेल तर पोटात घाला.

आपली सून

---

२१ मे

चि. बारक्या यास अनेक अनेक आशीर्वाद.

टॉवेलांची गोष्ट खरी आहे. मी चालत नाही. दवाखान्यात चार पावलं टाकली, घरी एकही नाही. पाय टाकायला गेले की ते स्टूल आठवतं आणि तळपायापासून गार पडते. ज्या पेशंटना मी भित्रे म्हणायचे त्या सगळ्यांची रोज मनातल्या मनात माफी मागते. हे फक्त तुला सांगितलं आहे.

आता तुझं. तुझे हललेले तीन फोटो माझ्याकडे आले आहेत. कसे आले ते विचारू नकोस, पोस्टमनला विचार. त्यातल्या एकात भोंगा कलिंगडाचा मधला तुकडा घेऊन पळतो आहे आणि वकीलबाई ओला टॉवेल घेऊन त्याच्या मागे. चेहरा कोणाचाच दिसत नाही, पण मी दोघांनाही ओळखलं. आवाजसुद्धा ऐकू आला. त्या बारा शहाण्या फोटोंनी माझी सुट्टी झाली नव्हती, या एकाने झाली. तो मी उशीशी ठेवला आहे.

तुझा हात थरथरतो आणि माझा पाय उचलत नाही. दोघांनी मिळून एकमेकांना तुझे बारा, माझा एक असे तेरा फोटो आणि चार पत्रं भरून थापा मारल्या. लाज वाटायला हवी, मला तरी वाटते आहे.

तेव्हा असं करू. तू हात डॉक्टरला दाखव, मी घोड्याचे मोजे काढते. दाखवून झाला की इकडे ये. कॅमेरा घेऊन ये, कपाटात ठेवलास तर मी स्वतः येऊन काढीन, आणि मी कशी येईन ते तुझं तू बघ.

भितोस हे कळलं म्हणून माया कमी झालेली नाही, उलट जरा वाढलीच.

तुझी ताई

---

४ जून

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझे सासरे परवा सुखरूप पोचले. दारातच डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली, शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी. धास्ती होती तो आजार नाही. वयाची थरथर आहे, गोळ्यांनी थोडी कमी होईल, पूर्ण जाणार नाही. मीही माझं प्रगतिपुस्तक दाखवलं. शिंपीणबाईंनी पाठीला हात लावून पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत नेलं, आता दारापर्यंत एकटी जाते. घोड्यासह, अर्थात.

ट्रायपॉड बसमध्ये विसरला म्हणाला. जन्मात लेन्सचं झाकण न विसरलेला माणूस. तुमच्याच घरी दाराआड उभा असेल, बघ.

काल सकाळी त्याला माझा दारातला फोटो काढायचा होता. तीनदा कॅमेरा डोळ्याला लावला आणि तीनदा खाली घेतला. चौथ्यांदा लावलाच नाही, जमिनीकडे बघत राहिला. मला ते बघवेना. मी घोडा त्याच्याकडे ढकलला आणि म्हटलं की तुझ्या तिपाईला तीनच पाय, याला चार आहेत, ठेव त्यावर कॅमेरा. त्याने विचारलं की मग तू काय धरणार. मी म्हटलं की दाराची चौकट आहे.

तो घोडा घेऊन फाटकाशी गेला, दांडीवर कॅमेरा टेकवला आणि मला बजावलं की अजिबात हलू नकोस. लहानथोर सगळ्यांना जन्मभर हेच सांगत आला. मी बराच वेळ उभी राहिले. मग काय झालं कोण जाणे, मी चौकट सोडली. दार ते फाटक नऊ पावलं आहेत, तिसऱ्या पावलाला कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. उरलेली सहा कशी टाकली ते आठवत नाही. त्याने दोन्ही हातांनी धरलं, आणि हात थरथरत होते ते माझे की त्याचे, ते काही कळलं नाही.

फोटो आजच गल्लीतल्या स्टुडिओतून धुऊन आला. हलला आहे. यावरून आमचं सकाळपासून भांडण चाललं आहे. तो म्हणतो, कॅमेरा टेकवलेला असला तरी बोट माझंच होतं, चूक माझी. मी म्हणते, चालत होते मी, चूक माझी. दोघंही हट्टाला पेटलो आहोत, कोणी माघार घेत नाही. शिंपीणबाई म्हणाल्या की चूक माझी माझी म्हणून भांडणारे बहीणभाऊ त्यांनी आजवर पाहिले नव्हते. मीही नव्हते पाहिले.

आत्ता तो हॉलमध्ये खिळा ठोकतो आहे. जुना फोटो काढला, त्याजागी हा लावायचा आहे. खिळा पुन्हा डावीकडे जातो आहे, मला इथून दिसतंय. पण आज मी काही बोलणार नाही.

भोंग्याला आणि वकीलबाईंना सांग की आजोबा आठ दिवस तरी येत नाहीत. पुढच्या सुट्टीत मधला तुकडा माझा, तेव्हा लोभ आणि कलिंगड दोन्ही राखून ठेवा.

तुझी आत्या