तळमजल्यावरची खोली

प्रिय धाकटे,

मी तुझा थोरला भाऊ, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका मालवाहतूक कंपनीत गेली एकतीस वर्षे कागदपत्र तपासनीस, हे पत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. हे वाक्य वाचून तू हसशील, हे मला ठाऊक आहे. 'दादा, पत्र लिहितोयस की मृत्युपत्र?' असे विचारशील. पण मला दुसऱ्या रीतीने सुरुवात करता येत नाही. तीस तारखेला रुग्णालयातली तुझी खाट रिकामी करायची आहे, आज चोवीस आहे, आणि तू कुठे जाणार हे गुरुवारी ठरेल. त्याआधी गेल्या चार महिन्यांत काय काय घडले, हे तुला माझ्याकडून क्रमवार कळले पाहिजे. काही गोष्टी सांगायच्या राहून गेल्या आहेत. एक गोष्ट तर मी मुद्दाम लपवली आहे.

रुग्णालयाच्या समाजसेविकेचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात होतो. बाई घाईत होत्या. शिवणकामाच्या दुकानातली एक कारागीर पोटमाळ्याच्या शिडीवरून पाठीवर पडली आहे, कमरेखालचे काही हलत नाही, दुकानाच्या मास्तरांनी दाखल करून हात वर केले आहेत, पोटमाळ्यावरची तिची राहायची जागाही दुसऱ्याला दिली आहे, आणि तिच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक 'पँटवाले साहेब' या नावाने आहे. तर तुम्ही तिचे कोण? मला उत्तर द्यायला वेळ लागला. बाईंना वाटले फोन कट झाला. मग मी 'भाऊ' म्हणालो, आणि त्यांनी तो शब्द केसपेपरवर लिहून घेतला.

दुकानात मात्र तो शब्द आपण नऊ वर्षांत एकदाही उच्चारला नाही. दरवर्षी मी एक पँट खालून आखूड करायला आणायचो. पँट मापात बरोबरच असायची. तू तोंडात टाचण्या धरून मास्तरांसमोर विचारायचीस, 'काय हो साहेब, दरवर्षी पाय आखूड होतात का तुमचे?' मास्तर हसायचे, मीही हसायचो, आणि तू माझ्या पायाशी बसून खडूने खूण करायचीस. पंधरा मिनिटे. वर्षातून आपली भेट तेवढीच. तू घर सोडलेस तेव्हा अप्पांनी तुझे नाव काढायला बंदी घातली होती. पुढे अप्पा गेले, पाठोपाठ आई गेली, मनाई करणारे कोणी उरले नाही, तरी मी पँटच आणत राहिलो. तुझा अपघात होईपर्यंत तुझ्या वहिनीची समजूत होती की माझे कोणत्याच शिंप्याशी पटत नाही.

तुझ्यासाठी जागा शोधायला लागलो तेव्हा मी एक वही केली. तीत एकोणीस पत्ते आहेत. सगळे सांगत बसत नाही. चाकांची खुर्ची म्हटली की घरमालकांना फरशीची काळजी वाटायची; खुर्चीला राजी झाले की 'ताई एकट्याच राहणार का?' अशी विचारणा व्हायची. आणि मी सगळे नीट समजावून सांगितले की त्यांच्या पुतण्याचे लग्न नेमके त्याच महिन्यात ठरलेले निघायचे आणि खोली त्याला लागायची. एका महिन्यात मी सहा पुतण्यांची लग्ने ठरवली. अपंग महिलांच्या वसतिगृहातल्या मेट्रन फार चांगल्या बोलल्या. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, 'माझं काही नाही हो, पण बाकीच्या बायकांना काय सांगू?' त्या बायकांना विचारून तर पाहा, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, 'अहो, विचारलं आणि त्या हो म्हणाल्या, तर मग वरच्यांना काय सांगू?' पुरुषांच्या आश्रमात खाट तयार होती, अकरा पुरुषांच्या दालनात बारावी. व्यवस्थापक म्हणाला, 'केस तेवढे कापावे लागतील, बाकी अडचण काही नाही.' ते मी तुला सांगितले तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलेस. दुपारचे जेवण तसेच राहिले. तो पत्ता मी तुझ्या खाटेशेजारी बसूनच खोडला.

तुझ्या मैत्रिणींचे घर माझ्या वहीत नव्हते. त्या घराच्या कर्त्या मावशी स्वतःच येऊन मला म्हणाल्या, 'आमची पोरगी आहे, आम्ही नेतो. तुम्ही कशाला दारोदार फिरताय?' दोन खोल्या, सात जणी, तिसरा मजला. त्या रविवारी चौघींनी तुला खुर्चीसकट वर नेले. 'राणीसाहेब, जेवण जरा कमी करा!' असे एक ओरडली, तू तिला चिमटा काढलास, आणि मधल्या वळणावर हसून हसून खुर्ची कलंडायची वेळ आली. मी मागून दोन्ही हात पसरून चढत होतो, जसा काही मी सगळ्यांना झेलणार होतो. संध्याकाळी तुला खाली आणताना कोणी हसत नव्हते. एकीची कंबर धरली होती. व्यायामासाठी तुला आठवड्यातून तीनदा रुग्णालयात न्यावे लागणार, हे तू तोवर त्यांना सांगितलेच नव्हतेस. जिन्याखाली मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'साहेब, जीव लावायला आम्ही कमी पडणार नाही. हात कमी पडतील हो.' त्या इतक्या ओशाळल्या होत्या की मलाच मान खाली घालावी लागली.

आता माझे घर. याबद्दल तू मला एकदाही विचारले नाहीस. चौथा मजला, लिफ्ट नाही, अडुसष्ट पायऱ्या. न्हाणीघराचे दार बावीस इंच, तुझी खुर्ची पंचवीस. मी दोनदा मोजले. टेप घेऊन दारात वाकलेलो असताना तुझ्या वहिनीने मला पाहिले आणि न विचारताच ओळखले. ती म्हणाली, 'आणा तिला. मी नाही म्हणत नाही. पण एकदा वर आणलं की खाली कोण नेणार? आयुष्यभर खिडकीत बसवून ठेवायला आणायचं का?' तिचे म्हणणे बरोबर होते. ते बरोबर आहे याचे मला इतके हायसे वाटले, की मी लगेच टेप गुंडाळून ठेवला. आपण तिघांनी मिळून तळमजल्यावर एखादे भाड्याचे घर पाहावे, हे वाक्य त्या क्षणी मला सुचले होते. ते मी बोललो नाही. तिने नकार दिला असता किंवा नसता. मी तिला तशी संधीच दिली नाही. तीन इंचांच्या आड मी लपलो, धाकटे.

आणि आता ती लपवलेली गोष्ट. शहराच्या टोकाला अपंगांसाठी नवे निवासगृह झाले आहे, तिथला तुझा अर्ज फेटाळला गेला, असे मी तुला सप्टेंबरात सांगितले होते. तिथे खरे तर सगळे जमून आले होते. तळमजल्यावरची खोली, स्वतंत्र रुंद दार, धरायला दांड्या असलेले न्हाणीघर, खिडकीखाली तुझे हातमशीन मावेल एवढे टेबल. रहिवासी स्त्री की पुरुष, हा रकानाच त्यांच्या अर्जात नव्हता. नातेवाइकांनी रविवारी यावे, हवे तर रहिवाशाला फिरायला न्यावे, अशी मुभा होती. कारकुनाने कागद चाळले आणि 'झालं समजा' म्हणाला. तुझ्या ओळखपत्रावर तुझे आजचे नाव आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावर मात्र अप्पांनी ठेवलेले नाव आले होते, कारण मास्तरांनी तुला दाखल करताना तुझ्या पेटीतला शाळेचा जुना कागद पुढे केला होता. कारकुनाने दोन्ही कागद एकावर एक ठेवून टाचले. त्याच्या ते लक्षात आले नाही, किंवा लक्षात येऊनही त्याने काणाडोळा केला. माझ्या लक्षात आले. एकतीस वर्षे मी हेच काम करतो. खोक्यावरचे नाव आणि कागदावरचे नाव जुळले नाही, तर माल पुढे जाऊ देत नाही. घरी येऊन मी 'नावांतील तफावतीबाबत खुलासा' असा मथळा देऊन एक पूर्ण पान लिहिले. तू आधी कोण म्हणून नोंदली गेलीस, आता कोण आहेस, केव्हापासून, सर्व मुद्देसूद. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नेऊन फायलीला जोडले. कारकुनाने ते वाचले आणि म्हणाला, 'साहेब, कुणी विचारलं होतं का हो तुम्हाला?' कागद फायलीत आल्यावर तो वर पाठवणे त्याला भाग होते. वरून पडताळणीचा शेरा आला, आणि पडताळणी होईपर्यंत खोली पुढच्या अर्जदाराला गेली. मी तुला 'नाकारले' म्हणून सांगितले, तेव्हा तू माझा हात थोपटून म्हणालीस, 'नेहमीचंच आहे रे. तू नको वाईट वाटून घेऊस.' त्यांनी नाकारले नव्हते. मी त्यांना नाकारायला लावले होते.

दाखल्यावरचे नाव बदलून घ्यायला त्यानंतर सात आठवडे लागले, ते तू पाहिलेच आहेस. त्या खिडकीवरच्या माणसाने रांगेसमोर विचारले होते, 'अपघातात नाव पण बदललं का?' आणि तू म्हणाली होतीस, 'नाव बदललं तेव्हा चालत आले होते, साहेब. तेव्हाही तुम्ही दोन तास उभं केलं होतं.' सगळी रांग हसली. मी फाईल छातीशी धरून तुझ्या मागे उभा होतो. एवढ्या वयाचा, एवढा शिकलेला, आणि त्या माणसाला सुनावण्याचे काम तुलाच करावे लागले.

गेल्या बुधवारी निवासगृहातून पुन्हा फोन आला. तिथले एक वृद्ध गृहस्थ वारले. तळमजल्यावरचीच त्यांची खोली रिकामी झाली आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. अधीक्षक बाई सरळ स्वभावाच्या आहेत. त्या म्हणाल्या, साधारण खोल्यांची प्रतीक्षायादी आता दोन वर्षांची झाली आहे. ही खोली मात्र निराधारांसाठी राखीव आहे, ज्यांचे म्हणून कोणी नाही अशांसाठी. 'आणि तुमच्या बहिणीच्या केसपेपरवर तर भाऊ लिहिलेला आहे.' 'तुमच्या बहिणीच्या' हे त्या अगदी सहज बोलून गेल्या. चार महिन्यांत कोणत्याही टेबलापलीकडून ते शब्द मी प्रथमच ऐकत होतो. मी विचारले, काय करावे लागेल? त्यांनी एक छापील नमुना माझ्यापुढे सरकवला आणि चष्मा काढून पुसत बसल्या. 'नीट वाचा,' म्हणाल्या. 'घाई नाही.' घाई होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

हे पत्र त्या नमुन्यामुळे लिहिले आहे. शुक्रवारी मी तो भरून दिला. त्यात म्हटले आहे की तुझ्याशी माझे कोणतेही नाते उरलेले नाही, तुझी जबाबदारी मी आज वा पुढे घेणार नाही, तुला भेटायला येणार नाही, आणि तुझ्या मृत्यूनंतर देह ताब्यात घेण्यासाठी मला कळवू नये. प्रत्येक कलमापुढे स्वतंत्र सही आहे. गुरुवारी अकरा वाजता अधीक्षक बाई ते तुझ्यासमोर मोठ्याने वाचतील. मलाही तिथे बसावे लागणार आहे. मग त्या तुला विचारतील, हे खरे आहे का? तू हो म्हण. एकदाच आणि स्पष्ट. त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलेस तर मला गप्प बसता येणार नाही, आणि ही खोलीही माझ्यामुळे जाईल. मी दुसरा मार्ग शोधला. मला सापडला नाही. माझ्याहून धीट माणसाला कदाचित सापडला असता. तिथे थंडीत पाय झाकून ठेव, जखम झालेली तुला कळत नाही. तुझ्या वॉर्डातल्या आयाबाई उद्या दुपारी हे पत्र तुझ्या हातात देतील आणि तू वाचेपर्यंत थांबतील. वाचून झाले की त्यांच्याकडेच परत दे, त्या ते फाडून टाकतील, कारण हे कोणाच्या हाती लागले तर तुला भाऊ आहे, हे सिद्ध होईल. नक्कल काढून ठेवल्याशिवाय मी आजवर एकही कागद हातावेगळा केलेला नाही. याची नक्कल मी ठेवलेली नाही.

तुझाच,
दादा

स्थळ : घर, चौथा मजला
दिनांक : २४ नोव्हेंबर, सोमवार