काजळराणीचं पारायण

४ ऑगस्ट, सोमवार
आलेले जिन्नस: दोडके पाव किलो २०, वरी अर्धा किलो ७०, फुलवाती १०. शिवाय पार्सल एक, ३९९. पार्सल मेघालीच्या, म्हणजे सुनेच्या नावाचं. परतच पाठवणार होते, पण कुरिअरवाल्यापुढे घरचं भांडण कशाला? पैसे देऊन घेतलं.

दोन महिने झाले, ती आणि केदार पालघरला भाड्याने राहतात. पण पत्ता अजून इथला, सरावलीचाच देते. म्हणजे घर हेच समजते. मी म्हणतच होते.

पार्सल फोडलं नाही. कोपरा उसवलेला होता, तो जरा वाढला. आत पुस्तक, 'काजळराणी'. 'पंखनगरी'चे पाचही भाग गेल्या वर्षी आम्ही दुपारी वाचले. ती मोठ्याने वाचायची, मी तांदूळ निवडायचे. शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी लिहिलेली परीकथा, पण शेवटी निळाई परी पंखांशिवाय कड्यावरून उडी घेते आणि मालिका तिथेच संपते, तेव्हा मी तांदूळ खड्यांसकट शिजवले. आणि ती काजळराणी! घरात आलेल्या प्रत्येक परीचे पंख पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली हिच्या कमरेला. काय शिव्या घातल्या मी तिला! आता त्याच बाईवर वेगळं पुस्तक. मी वाचणार नाही. ब्राउन पेपरचं कव्हर घालून ठेवते, मेघालीला कोरं मिळावं म्हणून.

५ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी २
छपाई नीट आहे का म्हणून पहिलं पान बघितलं. आता पान ३१.

अक्षर बारीक, म्हणून देवापुढच्या चौरंगावर समईजवळ ठेवून वाचत होते. तेवढ्यात शेजारची सुगंधा फुलं घेऊन आली. "अगो बाय! विजयाताय, पारायण लावलात? नाय नाय, बोलू नका, मौन हाय ना!" मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तिने पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि चवड्यांवर चालत गेली.

उद्यापासून रोज दहाच पानं.

६ ऑगस्ट, बुधवार
पानं ३२ ते ११०. दहा-दहाच वाचली, फक्त बरेचदा.

केदारचा फोन. मेघालीचा इंटरव्ह्यू सोमवारी ११ला, सकाळी अकरा वाजता, तारापूरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. म्हणाला, "आई, तिची मूळ सर्टिफिकेटांची फाईल दे, मी येऊन नेतो." मी म्हटलं, जिची फाईल तिने येऊन मागावी, मी काय खाणार आहे तिला?

फाईल माझ्या कपाटात आहे, दागिन्यांजवळ, सुरक्षित. जूनमध्ये तिला असाच एक कॉल आला, तेव्हा मी तीन दिवस डहाणूला कीर्तनाला गेले होते. किल्ली कमरेला राहिली. कीर्तनात फोन बंद ठेवावाच लागतो. इंटरव्ह्यू हुकला. किल्ली विसरणं हा काय गुन्हा आहे? त्यावरून कुणी घर सोडतं?

हे पेपरमागून म्हणाले, "किल्ली विसरलीस, की फोन?"

ह्यांना दोडकं अजिबात आवडत नाही. आज दोडकं केलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पान २०४. भलतंच निघालं. म्हणे काजळराणीलाही पंख होते! ती सून म्हणून आली तेव्हा तिच्या सासूने ह्याच पेटीत ठेवले. आता पेटी हिची, किल्ली हिची, पण पंख अंगाला होत नाहीत. रोज काढते, पुसते, परत ठेवते.

लेखिकेला कुणी सांगितला होता हा उद्योग? मूळ पाच भागांत असलं काही नव्हतं. दुष्ट ती दुष्ट, चांगली ती चांगली, वाचणाऱ्याला त्रास नव्हता. आता शिव्या घालायच्या कुणाला? पुस्तक मिटून टाकलं.

मॅट्रिकनंतर मलाही अंगणवाडीच्या नोकरीचं पत्र आलं होतं. सासूबाईंनी देव्हाऱ्यामागे जपून ठेवलं. अजून आहे, एकही कोपरा दुमडलेला नाही. त्याचा इथे काही संबंध नाही.

दहा मिनिटांनी पुस्तक उघडलं. बुकमार्क कुठे ठेवला ते बघायला.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा
घोटाळा. सुगंधा सणाला समुद्राकाठच्या नवापूरला माहेरी गेली. मेघालीचं माहेरही तिथलंच. तिच्या आईला ही सांगून आली, "बिचारी विजयाताय सोमवारपासून सात दिस तोंडातून शब्द काढत नाय, सून घरी यावी म्हणून." केदारचा फोन आला, मेघाली उद्या सांगतेला येते आहे. एकटी.

येईना का. मी बोलावलेलं नाही. (नारळीभात जास्तीचा केला. नारळ मोठा निघाला.)

बेत पक्का: सकाळी उठून राहिलेली पानं संपवायची, मग कव्हरात खरी पोथी घालायची. ओटी भरताना फाईल हातात द्यायची आणि म्हणायचं, "जाऊ दे, लेकरं चुकतात." ती पाया पडेल. फाईल काढून पदराखाली धरून बघितली. बरी दिसते.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळी पान २६८ला होते. राणी किल्ली घेऊन पेटीकडे निघालेली. अशा वेळी कोण उठणार? म्हटलं, एवढं पान झालं की कव्हर बदलते. मान वर केली तर दारात मेघाली, हातात नारळ. मागे सुगंधा आणि गल्लीतल्या चार बायका.

सुगंधा म्हणाली, "ताय, शेवटचा अध्याय मोट्यानं वाचा. आमालाबी पुण्य लागंल."

पाच जणी हात जोडून बसल्या. मेघाली मागे, भिंतीशी. समईशेजारी बसून मला घाम. काय करणार? ओवीच्या चालीवर सुरू केलं: "राणी उठली सत्वर, किल्ली घेतली करी..." दोन ओळी जमल्या, पुढे परीदरबाराचा सेनापती आला आणि चाल मोडली. सुगंधाने एक डोळा उघडला.

मेघाली उठली. माझ्याशेजारी येऊन बसली, पानावर नजर टाकली. संपलं, म्हटलं. आता ही सगळ्यांसमोर माझी शोभा करणार.

तिने चौरंग स्वतःकडे ओढला आणि पुढचं सगळं त्याच चालीत म्हटलं, सेनापतीला सेवक करून. पान २७१ला "इति अध्याय समाप्त" म्हणून पुस्तक मिटलं. बायकांनी जयजयकार केला. सुगंधाचे डोळे भरून आले होते. "काय गोड पोथी हाय! कुठल्या देवाची?" मेघाली म्हणाली, "आईंना विचारा."

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात तिने कव्हर काढलं. कुंकू आतपर्यंत गेलेलं. मी ओटी भरली, फाईल दिली. वाक्य तोंडाशी होतं. ती फाईल न उघडताच म्हणाली, "मी डुप्लिकेट काढून घेतली, आई. जूनमध्येच." रागाने नाही. भाजीचा भाव सांगावा तसं.

ओट्यावर फाईल ठेवून, पुस्तक घेऊन दीडच्या रिक्षाने गेली. नारळीभात खाल्ला, पण डबा नेला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ११.२०
इंटरव्ह्यू सुरू असणार. फोन केला नाही. दोनदाच केला.

पत्र लिहिलं, नक्कल इथे ठेवते. हे म्हणाले, "अगं, बोईसरपासून पालघर दोन स्टेशनं. जाऊन विचार." मी म्हटलं, मला वेळ आहे का?

"चि. सौ. मेघालीस अनेक आशीर्वाद. फाईल सोबत रजिस्टरने पाठवते आहे. डुप्लिकेट असली तरी अस्सल ते अस्सल. जूनमध्ये माझा फोन बंद नव्हता. (हे वाक्य खोडलं होतं. परत लिहिलं.) तू सात वेळा केलास, मी मोजले.
पुस्तक मला मुळीच आवडलं नाही. पण अर्धवट राहू नये म्हणून विचारते. पान २७१ नंतर राणी पेटी उघडते, तेव्हा उशीर झालेला असतो का? निळाई परत येते, की नवे पंख मिळाल्यावर त्या घराकडे बघतसुद्धा नाही? खरं असेल ते लिही, मी कुणाला सांगणार नाही. माझा पत्ता घातलेलं कार्ड जोडलं आहे. दोन ओळी लिहून उलट टपाली कळवावे."