पाठीवरच्या रेघा

३ जून
डाव्या कोपरावर तांबडा डाग. वर पांढरा कोंडा. बुरशी! तीस वर्षं दर सोमवारी मुलांची नखं नि कातडी तपासलेला हेडमास्तर आहे मी, डॉक्टर कशाला हवा? कुणाकडून तरी लागलंय. संशयितांची यादी केली: न्हावी तुकिमिन, मशिदीतली चटई, व्याही. व्याह्यांवर दाट संशय, हात हातात फार वेळ धरतात. मुलीचं, सेकारचं, लग्न २९ला. तोवर कातडी चकाचक करणारच.

७ जून
बुरशीचं मलम चार दिवस. डाग वाढला. म्हणजे औषध लागू पडतंय, रोग बाहेर येतोय.

९ जून
सेकार म्हणते, आदल्या दिवशीचं न्हाणं नको, सरळ हॉलवरच उरकू. नको म्हणजे काय? खांदे उघडे, अंगावर मोगऱ्याची जाळी, आणि बापानं सगळ्यांसमोर फुलांचं पाणी ओतायचं. आम्हा जावा बेटावरच्या लोकांची रीत आहे ती. चांगली झापली तिला. रडली. हल्लीच्या पोरींना परंपरा म्हणजे कटकट.
पाणी ओतताना बाही वर सरकणार, हे खरं. धाकट्या भावाला पुढे करीन. सर्दी झाली म्हणून सांगीन.

१२ जून
अंग जड. अंगात वारा शिरलाय, डागही त्यापायीच. बायकोला म्हटलं, तेल लाव नि पाठीवर नाणं घास. लास्त्री म्हणाली, अहो, कातडी आधीच चिडलीय, कशाला? म्हटलं, घास, जोरात! लालभडक रेघा उठल्या. जितक्या लाल, तितका वारा बाहेर. फार हलकं वाटलं.

२३ जून
रेघा जाईनात. खरं तर दोन-तीन दिवसांत जातात. उलट जाड झाल्यात, खवले धरलेत. लास्त्री म्हणाली, पाठीवर कुणीतरी वही आखून ठेवलीय. मी हसलो नाही.

२४ जून
लास्त्रीनं ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण अगदीच पोरगेली. नखांवरचे बारीक खड्डे दाखवले. (तीस वर्षं नखं तपासली, स्वतःची कधी बघितलीच नाहीत.) डोक्यातला कोंडा पाहिला. पाठ पाहून म्हणाली, सर, नाणं घासलंत ना? सोरायसिस आहे. कातडी दुखावली की तिथंच उगवतो. कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही. जन्माची सोबत आहे, पण औषधानं आटोक्यात राहतो. घरात आणखी कुणाला आहे का?
म्हटलं, आमचं घराणं स्वच्छ आहे!
यादीत तिचंही नाव घातलं.

२७ जून
घर पाहुण्यांनी खच्चून भरलंय. उकाड्यात लांब बाह्यांत उकडून निघालोय. खाजवायला न्हाणीघरात कोंडून घेतो, तर बाहेरून मावशी दार ठोकते नि विचारते, पोट बिघडलं का रे? हो म्हटलं. आता सगळे मला पेरूची पानं खायला घालतायत. कुठं पळावं कळत नाही. बरं, उद्या भाऊ आहेच.

२८ जून, सकाळी
भावाचा फोन. पाय मुरगळलाय, येत नाही.

२८ जून, दुपारी
सेकार चौरंगावर बसली. मी तांब्या उचलला नि थिजलो. तिच्या कोपरावर तोच डाग, तोच पांढरा कोंडा. केसांच्या कडेलाही.
ती हळूच म्हणाली, बाबा, लांब बाह्या बघूनच ओळखलं मी. सहावीपासून आहे मला. दवाखान्यात लपूनछपून जाते. होणाऱ्या नवऱ्याला ठाऊक आहे, त्याचं काही म्हणणं नाही.
विचारलं, मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, अशा मुलांना तुम्ही शेवटच्या बाकावर एकटं बसवायचात.
मग तिनंच माझी बाही कोपराच्या वर सारली, सगळ्यांसमोर. म्हणाली, ओता आता, उकडतंय. ओतलं. व्याही पुढे आले नि दोन्ही हातांनी माझा हात धरला. बराच वेळ.

२८ जून, संध्याकाळी
संशयितांची यादी फाडली. शेवटच्या बाकावर बसवलेल्या मुलांची लिहायला घेतली. चेहरे पुष्कळ आठवतात. नावं तीनच आठवली.