एकेरी अनंत

वरणगाव,
९ जुलै २०२५

प्रिय अक्का,

ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना म्हणावं, पावसाच्या सबबीवर सकाळचं फिरणं बंद करू नका. इकडे आम्ही दोघं मजेत. निवृत्तीनंतर यांनी स्वयंपाक शिकायचं मनावर घेतलंय. काल शेवभाजी केली. तिखटाने माझे कान तापले, आणि यांनी मात्र दोनदा वाढून घेतली.

कागद बघून दचकली असशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे अर्धं राहून चालणार नाही.

आधी आनंदाची बातमी. आज सकाळी माझ्या अंगणात अनंत फुलला! एकच फूल. सहा पाकळ्या, एकेरी, दुधासारखं पांढरं. मी चहा टाकायचा सोडून तिथेच फरशीवर बसले. हे आतून ओरडले, "अगं, पडलीस का?" म्हटलं, "नाही. बाहेर या, वास घ्या." यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "हा तर एरंडोलचा!"

हो अक्का, आपल्या माहेरचा, एरंडोलचा. आईने तुला दिलेला.

तू म्हणशील, तो तर माझ्याकडे आहे. धुळ्याला, ओट्यावर, पत्र्याच्या त्याच पिंपात. गल्लीत येईल त्याला तू दाखवतेस, "आईने दिला, माझ्या बहिणीने जपला."

तो हा नाही, अक्का.

लिहिलं एकदाचं. सहा वर्षांपूर्वी तुझ्या लेकीच्या, सपनाच्या बाळंतपणाला तू चार महिने पुण्याला गेलीस आणि पिंप टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवलंस. "सावलीत ठेव, बोअरचं पाणी घालू नकोस," असं दोनदा बजावलंस. मी ऐकलं नाही. मला वाटलं, भरपूर ऊन मिळालं तर तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त फुलं येतील. खरं सांगायचं तर मला तुला हरवायचं होतं. एप्रिलच्या उन्हात झाड गच्चीवर नेलं. पानं पिवळी पडली तशी मी आणखी पाणी घातलं, तेच बोअरचं खारं. कळ्या गळाल्या. मग मुळंच कुजली. शेंड्याच्या पाच हिरव्या काड्या तेवढ्या कापल्या, ओल्या वाळूत खोचल्या, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. चार वाळल्या, एक तगली.

तू यायला आठ दिवस उरले होते. मी जळगावच्या एका नर्सरीत गेले, मोजपट्टी घेऊन! तिथले निंबाभाऊ आपल्या एरंडोलकडचेच. म्हणाले, "ताई, हाऊ दुहेरी शे. गुलाबसारखा फुलस." मी म्हटलं, "उंची जुळते ना, मग झालं." तोच पिंपात लावून तुला पाठवला.

त्याला पहिलं फूल आलं तेव्हा तुझा फोन, "ज्योत्स्ना, काय घातलंस गं? आईच्या वेळी सहा पाकळ्या असायच्या, आता मोजता येत नाहीत!" माझ्या तोंडून निघून गेलं, "ताकाचं पाणी." तेव्हापासून तू त्या नर्सरीच्या झाडाला दर पंधरा दिवसांनी ताक पाजतेस. आईच्या श्राद्धाला त्याचीच फुलं वाहिलीस आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुला सांगितलं, पित्त झालंय.

तगलेली काडी मी वाढवली. ड्रममध्ये पावसाचं पाणी साठवायचं, तेवढंच तिला. मार्च लागला की वर हिरवी जाळी. दर वर्षी कळ्या यायच्या आणि उघडायच्या आधी गळायच्या. फूल आलं की तुला सांगायचं, असं ठरवलं होतं. तेही निमित्तच म्हण. धीर होत नव्हता.

आता फूल आलंय. झाड तुझं आहे. न्यायला ये, नाहीतर मी घेऊन येते. रागाव हवं तेवढं, फक्त गप्प बसू नकोस.

तुझ्या विश्वासाला न जागलेली, पण आज फार हलकी झालेली,
ज्योत्स्ना

*

धुळे,
१६ जुलै २०२५

ज्योत्स्ने,

आशीर्वाद लिहिते आहे, पण दात-ओठ खाऊन.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्या भाऊजींशीसुद्धा बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सवयीने ताक घेऊन झाडापाशी गेले आणि हातातलं भांडं बघून इतकी हसले, की शेजारची कुंदाबाई काय झालं म्हणून धावत आली. तिला सांगितलं. म्हणजे गल्लीला कळलं. तेव्हा येशील ती तयारीने ये.

झाड मेलं याचा राग नाही. त्या उन्हात माझ्या हातूनही गेलं असतं. मोजपट्टीचा थोडा आहे. पण खरं बोचलं ते वेगळंच. सहा वर्षं तू दर महिन्याला माझ्याकडे येतेस. माती उकरतेस, फांद्या छाटतेस, मुक्काम करतेस. मी सगळ्यांना सांगायचे, बहीण माझ्यासाठी जीव टाकते. पत्र वाचलं आणि वाटलं, ही माझ्यासाठी येत होती, की चोरी उघडी पडू नये म्हणून?

याचं उत्तर लिहू नकोस.

आईचं झाड हलवू नकोस. त्याला तुझं अंगण मानवलंय. माझा हा दुहेरी लबाड मला लाडका झालाय, तो इथेच राहील. आता धुळ्यात तुझं काही काम उरलेलं नाही. रविवारी खापरावरचे मांडे करते आहे. तुझ्या योगराजांनाही आण.

काही काम नसताना येणाऱ्या बहिणीची वाट बघणारी,
अक्का