महालिंगाचा मुबाहसा आणि अण्णांचं दुकान

मानवत, आश्विन शुद्ध त्रयोदशी

भर रस्त्यात, अण्णा! चार घरच्या बाया दारात उभ्या, आन तुमचा गाडीवान मुंजाजी गाडीवरूनच वरडून सांगायलाय, "मल्लम्माबाई, यंदा दिवाळीच्या वहीपूजनाला महालिंगाला धाडू नका, त्याला दुकान नको तर दुकानाला बी तो नको!" निरोप सांगताना उतरायची तसदी न्हाई घेतली मेल्यानं. उतरला तो नंतर, भाकरी खायला. मी बी वाढली. उपाशी माणसाकडून खरं बाहेर पडत न्हाई, म्हणून वाढली. त्याच्याकडून काय काय बाहेर पडलं ते पुढं लिहिते, तवर तुमी अन् वैनी दोघं बसून घ्या.

पत्राची रीत राहिली, ती आता करते. तीर्थरूप अण्णा ईश्वरअप्पा यांना धाकटी बहीण मल्लम्मा हिचे शरणू शरणार्थ. तुमचा गुडघा कसा हाय? चन्नबसम्मा वैनीची दाढ कशी हाय? (दाढ दुखली तरी तोंड चालूच असंल, म्हणून इचारते.) आमी इथं खुशाल हाव असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. खुशाल न्हाई. हे पत्र माझ्या हातानं लिहायले, बापूंनी दुसरीपर्यंत शाळेत घातलं तेवढ्यावर. माझ्या पोराला, महालिंगाला, लिहायला सांगितलं असतं तर त्यानं अर्धं पत्र माझ्या बाजूनं आन अर्धं तुमच्या बाजूनं लिहिलं असतं. तसलीच विद्या शिकायलाय तो.

ती विद्या काय हाय ते तुमाला कुणी नीट सांगितलं न्हाई, आन तुमी इचारलं न्हाई. परभणीच्या हायस्कुलात दिनकरराव म्हणून एक मास्तर हायत. त्यांनी ह्या साली महालिंगाला आन ताडकळसच्या आश्रुबाला मुबाहश्याला निवडलं. मुबाहसा म्हंजे भांडणच, पण शेरवानी घालून करायचं आन घंटी वाजली की थांबायचं. एका शाळेची दोन पोरं. एकानं म्हणायचं अमुक बरं, दुसऱ्यानं म्हणायचं अमुक वाईट, आन ज्या शाळेची दोन्ही पोरं चांगली भांडली तिला बक्षिसाची ढाल. मला आधी ह्यातलं काही ठावं नव्हतं. निजामाच्या शाळेला शुक्रवारची सुट्टी, तवा पोरगा घरी आला, सकाळी मागच्या अंगणात उभा राहून म्हशीला सांगायलाय की बैलगाडीवाचून माणसाचं चालायचं न्हाई. मला बरं वाटलं. दुपारी जेवून उठला आन त्याच म्हशीला, तेवढ्याच जोरात सांगायला लागला की बैलगाडी मोडून जाळा, आगगाडीच खरी. मी म्हणलं, पोराला काही तरी झालं. जंगमस्वामींना बोलावलं. स्वामींनी त्याला विभूती लावली, समोर बसवलं आन म्हणले, बोल. बैलगाडीचं ऐकलं, म्हणले, बरोबर हाय. आगगाडीचं ऐकलं, म्हणले, हे बी बरोबर हाय. मग जेवले आन गेले. तवापासून स्वामींवर बी माझी नजर हाय.

दुसऱ्या दिवशी मी आगगाडीत बसून (बैलगाडीच्या बाजूचं ऐकत बसले असते तर पोचलेच नसते) परभणीला गेले आन दिनकररावांना शाळेच्या ओसरीत गाठलं. म्हणलं, मास्तर, पोरांना कचेरीतले खोटे गवाहीदार करायलाव का? ते म्हणले, "बाई, कोणती बाजू घ्यायची हे पोरं ठरवीत न्हाईत. टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, जी निघंल ती." मी म्हणलं, दाखवा. त्यांनी टोपी काढली, दोन चिठ्ठ्या टाकल्या, मला म्हणले उचला. मी दोन्ही उचलल्या आन दोन्ही उघडून पाहिल्या. (एकसारख्या असत्या तर?) एकीवर 'अनुकूल', दुसरीवर 'प्रतिकूल'. बरं, चिठ्ठ्या खऱ्या. मग इचारलं, दोन्ही बाजूंनी बोलून पोराला मिळणार काय? म्हणले, दोन्ही बाजू समजतात. म्हणलं, आन दोन्ही समजल्यावर माणूस करणार काय? तर मास्तरांना तहान लागली आन ते पाणी प्यायला गेले. अर्धा घंटा मी वाट पाहिली. आले न्हाईत.

तरी पोरं जिंकत गेली. आगगाडीवाला मुबाहसा जिंकली. मग सेलूला गेली, तिथं विषय होता पुस्तक मोठं की अनुभव मोठा, तो बी जिंकली. (सेलूहून आल्यावर मी म्हणलं, भाजीत मीठ जास्ती झालंय का रे? तर म्हणतो, अनुकूल सांगू का प्रतिकूल?) आन शेवटचा, ढालीचा मुबाहसा परभणीला, अव्वल तालुकदारसाहेबांसमोर, म्हंजे जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबांसमोर. तुमी कापसाच्या कामानं परभणीत होता, मीच निरोप धाडून बोलावलं, मीच म्हणलं पुढच्या बाकावर बसा, भाच्याचं कौतुक बघा. माझ्याच हातानं केलं मी हे. शेजारी मानवतचे तीन आडते बसले, ते कुणी बोलावले होते ते मला अजून कळलं न्हाई, पण कळंल.

विषय निघाला, नोकरी बरी की दुकानदारी. आमी बाया पडद्याच्या मागं, पण पडद्याला भोक होतं आन ते माझ्या वाट्याला आलतं. आश्रुबा दुकानाच्या बाजूनं बोलला, बरा बोलला. मग आमचं ध्यान उभं राहिलं. उर्दूत बोलला, पण बाजारातली उर्दू तुमाला बी येती, मला बी येती. म्हणला, दुकानदार जलमभर गादीवर बसतो, त्याचं पोट वाढतं आन दुनिया लहान होत जाती. म्हणला, त्याला माणूस दिसत न्हाई, गिऱ्हाईक दिसतं. शेवटी आवाज चढवून, छातीवर हात मारून म्हणला, अशा दुकानाचा उंबरा मी जलमात चढणार न्हाई! टाळ्या काय, तालुकदारसाहेब मान काय हलवायलेत! आन तुमी उठलाव. तीन आडते हसले ते मी पाहिलं. पण त्यांच्या हसण्यापायी तुमी उठला न्हाईत हे मला ठावं हाय. त्याचा हात गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर होता असं तुमच्या मनानं घेतलं, म्हणून उठलाव. आन उठला ते तरी कसे, दिनकररावांच्या वहाणा घालून गेलाव. मास्तर अनवाणी घरी गेले. त्या वहाणा मुंजाजीबरोबर परत धाडा.

आता ऐका. आपल्या लोकांत गळ्यातल्या लिंगाला हात लावून बोललेला शब्द मागं घेता येत न्हाई, हे मला शिकवायची गरज न्हाई, बापूंनी दोघांना एकदमच शिकवलंय. पण हात लिंगावर नव्हता. शेरवानी उसनी होती, छातीला तंग, मधली गुंडी बोलायच्या आधीच उडाली होती. उघडं दिसू न्हाई म्हणून पोरगा सुरुवातीपासून तिथं हात धरून उभा होता. 'सदर साहब' म्हणताना बी हात तिथंच. पाणी पेला तवा बी हात तिथंच. सदरांना, म्हंजे सभेच्या अध्यक्षांना, का तो लिंगाची शपथ घेऊन हाक मारील? एवढा तरी इचार करायचा होता. आन बाजू चिठ्ठीची. चिठ्ठीवर आगगाडी निघाली तर आगगाडी, नोकरी निघाली तर नोकरी. त्यात पोराचं मन कुठं आलं?

पण तुमी इचार का केला न्हाई ते मला भाकरीच्या दुसऱ्या चतकोरावर कळलं. मुंजाजी म्हणला, वैनीच्या धाकट्या भावाचं, बसवंतचं, अंथरूण दुकानाच्या माडीवर पडलंय. मी सहज इचारल्यासारखं इचारलं, कवापासून? म्हणला, मुबाहश्याच्या आधी चार दिवस. चार दिवस आधी, अण्णा! पोरानं तोंड उघडायच्या आधी चार दिवस त्याचं अंथरूण दुकानात! आता मला सांगा, ह्यात दोन्ही बाजू कोणच्या? तुमच्या पोटी मूल न्हाई, महालिंगाचे वडील गेले तवा तुमीच माझ्या हातावर हात ठेवून म्हणलाव की दुकान ह्याचं. आन आता निमित्त सापडलं की बसवंत! जो माणूस तूर आन मूग एका पोत्यात भरून वर हसतो! वैनी म्हणतील, माझा भाऊ नुसता पाहुणा आलाय. पाहुणा उशी आणत न्हाई. मुंजाजी म्हणला, उशी बी आणलीय, आन आरसा बी.

वहीपूजनाला पोराला बोलवा. पोराचं काही चुकलेलं न्हाई. आडत्यांना काय सांगायचं ते मी सांगते, त्यांच्या तिघांच्या बायका मला पाणवठ्यावर भेटतात.

वैनीला दाढेला लवंग धरायला सांगा. कळावं, लोभ होता तसाच ठेवा, कमी केलाव तर मला कळतं.

तुमची बहीण,
मल्लम्मा

ता. क. – वरचं सारं लिहून झालं आन पोरगा सुट्टीला घरी आला. मी पत्र वाचून दाखवलं. गुंडीपाशी आला तवा तो खाली बघायला लागला. मी म्हणलं, काय रे? कधी न्हाई ते एकाच बाजूनं बोलला. म्हणला, "आई, गुंडी उडाली होती ते खरं हाय. पण शेवटच्या वाक्याला मी डबीच धरली. आन चिठ्ठी मला दुकानाची निघाली होती. मी आश्रुबाला म्हणलं, तुझी मला दे." का रे मुडद्या? तर म्हणला, मामा लय चांगले हायत, त्यांच्या तोंडावर मला न्हाई म्हणता येत नव्हतं. तिथं शेरवानी होती, घंटी होती, म्हणून म्हणलो. त्याला मास्तर व्हायचंय. दिनकररावांसारखं. मी रडले न्हाई. दोन थोबाडीत दिल्या, मग जेवू घातलं. गळ्यातलं शिवून बोललाय, तर शब्द मोड म्हणून मी त्याला सांगणार न्हाई, आन तुमी बी सांगू नका. तुमी उठून गेलाव ते बरोबर गेलाव, एवढं लिहायला मला लय जड जायलंय. वहाणांचं मात्र चुकलंच.

आणखी ता. क. – बसवंतला उशीसकट घरी धाडा. दुकानात मी येऊन बसते. डोळे वटारू नका. कापूस ओला का कोरडा ते मी मूठ दाबून सांगते, पोत्याला बोट लावून ज्वारी ह्या सालची का मागच्या सालची ते सांगते. बापूंनी दोघांना शिकवलं, तुमाला कापसाचं कधी आलं न्हाई. बापू असेपर्यंत तुमी मला मागच्या दारातून बोलावून इचारायचाव, ते मी कुणाला सांगितलं न्हाई, आजवर. बाईमाणूस गादीवर बसली तर लोक काय म्हणतील असं लिहाल, तर लिहू नका, लोकांना मी इचारलेलं न्हाई. तुमाला इचारायले. मला दोन बाजू नकोत, एकच पायजे, हो का न्हाई. रविवारी दिवस मावळायच्या आत मुंजाजीबरोबर उत्तर धाडा. सोमवारी आपण बैल जुपत न्हाई, आन मंगळवारी मी माझी वळकटी घेऊन त्याच्या गाडीत बसणार हाय.